वाम मासा आणि मत्स्यन्याय



आजचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमची उभी हयात हमालांच्या आणि तेंदूपाने तोडणाऱ्या मजुरांच्या संघटनेत गेली. आम्ही मजुरीच्या दरावर बोलावे, भविष्यनिर्वाह निधीवर बोलावे, हे रीतीला धरून झाले असते. समुद्रातल्या एका माशावर बोलण्याचा आम्हांला काय अधिकार? आणि तेही सावलीस, जिथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र गाठायला शेकडो किलोमीटर जावे लागते!

कारण असे आहे. आमच्या कामात एक वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहो. मजुरीचा प्रश्न घेऊन बैठकीला बसावे, आकडे मांडावेत, आणि आकड्यांना उत्तर उरले नाही की समोरून वाक्य यावे, “अहो, मोठा मासा लहान माशाला खातो, ही दुनियेची रीतच आहे.” एका भातगिरणीच्या मालकांनी तर हे वाक्य आम्हांला चहा पाजून, अगदी वडीलकीच्या सुरात ऐकविले होते. मालक बोलले तर त्याचे आम्हांला एवढे वाटत नाही. ते त्यांच्या सोयीचे बोलतात. परंतु दिवसभर पोती वाहून पाठ सोलवटलेला हमाल जेव्हा संघटनेची पावती परत करतो आणि तेच वाक्य बोलतो, तेव्हा मात्र जिवाला लागते. कारण त्याने हार मान्य केली ती मालकापुढे नव्हे. ती निसर्गापुढे केली. मालकाशी भांडता येते, निसर्गाशी कोण भांडणार?

तेव्हा आम्ही असे ठरविले की, ज्याच्या नावाने हा न्याय सांगितला जातो त्या माशाकडेच जावे आणि त्याची रीत काय आहे ते नीट पाहावे. शाळा आमची लवकर सुटली, पण वाचनालय सुटले नाही. मिळतील ती पुस्तके वाचली, कोकणात संघटनेच्या कामाला गेलो तेव्हा कोळी बांधवांना विचारले. आणि मासाही मुद्दाम असा निवडला की ज्याच्या बाजूने कोणी वकिली करणार नाही. लांबट, सापासारखा, मोठ्या जबड्याचा, रात्रीचा शिकारी. त्याचे नाव वाम.

आता वाम म्हटल्यावर आपल्याला नवे काही वाटणार नाही. वैनगंगेत, नाल्यांत आणि तलावांत जी लांबट, ठिपक्याठिपक्यांची मासळी मिळते तिला आपणही वाम म्हणतो, कोणी बाम म्हणतो. परंतु नाव एक असले तरी कूळ एक नव्हे. आपल्या नदीतल्या वामीच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते. ती हाताला लागली म्हणजे चांगली आठवण राहते. शास्त्रज्ञ तिला खऱ्या वामींच्या कुळात धरीत नाहीत. खऱ्या वामींच्या हजाराच्या आसपास जाती जगात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक समुद्रात राहतात. त्यांच्या पाठीवर असे काटे नसतात. पाठीचा पर, शेपटी आणि पोटाकडचा पर एकाच अखंड झालरीसारखे जोडलेले असतात. मुंबई, पालघर, रायगड, रत्नागिरीच्या बाजारात कोळणी ज्या वामीच्या जाड जाड तुकड्या करून विकतात ती ही समुद्रातली वाम. आज आम्ही बोलणार आहो ते तिच्याविषयी.

ह्या वामीचे शास्त्रीय नाव मोठे मौजेचे आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या पिवळसर मोठ्या वामीला शास्त्रज्ञ ‘काँग्रेसॉक्स तालाबोनॉइडिस’ म्हणतात. हे तालाबोन प्रकरण कुठले? ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला पॅट्रिक रसेल नावाचा एक स्कॉच डॉक्टर विशाखापट्टणला होता. त्याने तिथल्या दोनशे माशांची चित्रे आणि वर्णने १८०३ साली लंडनला छापली, आणि माशांना नावे दिली ती तिथल्या मच्छीमारांच्या तोंडची. त्यांतले एक नाव ‘तालाबोन’. फ्रान्समधल्या क्युव्हिए ह्या पंडिताने १८२९ साली तेच नाव शास्त्रात घेतले, आणि पुढे ब्लीकर नावाच्या डच डॉक्टराने तिच्यासारख्या दिसणाऱ्या ह्या वामीला ‘तालाबोनसारखी’ असे नाव दिले. म्हणजे आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात ह्या वामीचे नाव घ्यायचे झाले तर पूर्व किनाऱ्यावरच्या कुणा अनामिक मच्छीमाराचा शब्द उच्चारावा लागतो. आपल्या वैनगंगेचे पाणी प्राणहितेत जाते, प्राणहितेचे गोदावरीत, आणि गोदावरी त्याच पूर्वेच्या समुद्राला मिळते. तेव्हा ही वाम आपल्याला अगदीच परकी आहे असे मानण्याचे कारण नाही.

आता तिची शरीरयष्टी पाहू. पूर्ण वाढलेली वाम दीड ते दोन मीटर लांब होते. कधी त्याहूनही मोठी सापडते. म्हणजे उंचापुरा माणूस आडवा निजावा तेवढी. अंगावर खवले नाहीत. कातडी गुळगुळीत, बुळबुळीत. तोंडाची फाक डोळ्यांच्याही मागे गेलेली. जबड्याच्या कडेने दात आहेतच, पण खरी शस्त्रे टाळूच्या मध्यावर. तिथे एका ओळीत मोठे, तीक्ष्ण दात असतात. तोंडात आलेली मासळी निसटू नये म्हणून ही योजना. गळाला लागलेली वाम होडीत आली की ती वळवळत तोंड टाकते, म्हणून कोळी तिच्या तोंडापासून हात दूर ठेवतात आणि आधी तिला डोक्यात फटका घालून गप्प करतात. भीती वाटावी असाच हा प्राणी आहे, हे आम्ही प्रथमच कबूल करून टाकतो.

तिचे घर म्हणजे समुद्राच्या तळाचा मऊ चिखल. खडकाळ जागा तिला मानवत नाही. खाड्यांच्या तोंडाशी, नदीने आणलेला गाळ जिथे पसरतो तिथे तिची वस्ती. दिवसा ती चिखलात शरीर रुतवून पडून राहते. रात्र झाली की बाहेर निघते आणि तळाशी वावरणारी लहान मासळी, कोळंबी, खेकडे टिपते. गढूळ पाण्यात रात्री डोळ्यांचा उपयोग तो किती! वामींच्या कुळाचे नाक मात्र फार तीक्ष्ण असते. गळाला लावलेल्या आमिषाचा वास तिला लागतो, आणि म्हणूनच एका लांब दोरीला शेकडो गळ बांधून, आमिष लावून, ती दोरी रात्रभर समुद्रात टाकून ठेवण्याची रीत कोळ्यांमध्ये चालत आलेली आहे.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, “पाहा, तुमचा मासा मोठाच मासा आहे, आणि तो लहानांना खातोच.” होय, खातो. आम्ही ते नाकारीत नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. तो किती खातो? आणि खाल्ल्यावर काय करतो?

मासा हा थंड रक्ताचा प्राणी. आपल्याला किंवा कुत्र्यामांजरांना शरीर ऊबदार ठेवण्यासाठी रोज जळण घालावे लागते, तसे माशाला लागत नाही. त्यामुळे त्याच वजनाच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या मानाने त्याची गरज पुष्कळच थोडी. पोट भरले की वाम चिखलात जाऊन पडते. तिच्यापुढून कोळंबीचा थवा गेला तरी उद्यासाठी म्हणून ती चार मारून ठेवीत नाही. ठेवणार कुठे? तिला कोठार नाही, तिजोरी नाही, आणि आजची मासळी उद्या चढ्या भावाने विकता येईल असा बाजार तिला ठाऊक नाही. तिच्या लोभाची सीमा तिच्या पोटाच्या पिशवीएवढी आहे. ह्या एका गोष्टीने तिची रीत आणि आपल्याकडच्या मोठ्या माशांची रीत ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

दुसरी गोष्ट तिच्या जन्माची. ही हकीकत आम्हांला सर्वांत अद्भुत वाटते, म्हणून थोडी सावकाश सांगतो.

वामींची पिल्ले कुठून येतात हे माणसाला दोन हजार वर्षे कळले नव्हते. युरोपातल्या नद्यांत राहणारी वाम लोक रोज खात, पण तिच्या पोटात अंडी कधी कोणाला दिसत नसत. ॲरिस्टॉटलासारख्या बुद्धिमंतानेही लिहून ठेवले की वामी चिखलातून आपोआप उपजतात. १८७६ साली व्हिएन्नाचा एक तरुण विद्यार्थी ट्रिएस्ट बंदरात जाऊन बसला आणि नर शोधण्यासाठी त्याने सुमारे चारशे वामी चिरल्या. तरी खात्रीचे उत्तर त्याला मिळाले नाही. तो विद्यार्थी म्हणजे पुढे मनोविश्लेषणाने जगप्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉइड. माणसाच्या मनाचा तळ शोधण्याआधी ह्या गृहस्थाने वामीचा तळ शोधून पाहिला होता!

उत्तर मिळाले ते १८९६ साली, इटलीत. समुद्रात काचेसारखा पारदर्शक, झाडाच्या पानासारखा चपटा असा एक चिमुकला मासा सापडत असे. त्याला स्वतंत्र जात समजून शास्त्रज्ञांनी ‘लेप्टोसेफॅलस’ म्हणजे ‘बारीक डोक्याचा’ असे नाव देऊन टाकले होते. ग्रासी आणि कालान्ड्रुच्चो ह्या दोघांनी दाखविले की हा निराळा मासा नव्हे. हे वामीचे बाळ आहे. पुढे डेन्मार्कच्या योहानेस श्मिट ह्यांनी वर्षानुवर्षे अटलांटिक समुद्र गाळून काढला, लहानात लहान पिल्ले कुठे मिळतात ते पाहिले, आणि १९२२ साली जाहीर केले की युरोपच्या नद्यांतल्या वामी हजारो किलोमीटर पोहत सारगॅसो समुद्रात जाऊन अंडी घालतात.

आपल्या किनाऱ्यावरची वाम एवढा प्रवास करून नदीत येत नाही. तिचा जन्म समुद्रात आणि संसारही समुद्रातच. पण बाळपण मात्र तसेच. मादीच्या पोटात अंडी लाखांच्या घरात असतात. ती पाण्यात तरंगतात. त्यांतून ते पानासारखे बाळ निघते. इतके पारदर्शक की त्याच्या आरपार छापील अक्षर दिसावे. त्याला ना धड पोहता येते, ना लढता येते; प्रवाह नेईल तिकडे ते जाते. आणि गंमत अशी की मोठे होण्याची वेळ आली म्हणजे हे बाळ आधी आखूड होते. पसरट पान आक्रसते, गोल होते, काच जाऊन रंग येतो, आणि मग ती चिमुकली वाम तळाच्या चिखलाकडे निघते.

आता विचार करा. ह्या काचेच्या पानाला कोण खात नाही? पेडवे खातात, बांगडे खातात, जो येईल तो खातो. लाखांतून मोठी होतात ती हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. म्हणजे जिला आपण ‘मोठा मासा’ म्हणतो ती वाम आधी सर्वांत लहान, सर्वांत दुबळा मासा होती. समुद्रात मोठा आणि लहान ह्या दोन जाती नाहीत. ती वयाची नावे आहेत. मोठ्याच्या पोटी जन्मले म्हणून तिथे कोणी मोठा होत नाही. आईची शिकार लेकीला वारशात मिळत नाही, आईचे बीळ लेकीच्या नावावर चढत नाही. प्रत्येक पिढीला काचेच्या पानापासून आरंभ. जन्माने ठरलेले मोठेपण पाहायचे तर समुद्रात जाण्याची गरज नाही. त्यासाठी कोरड्या जमिनीवर पुरेसे नमुने आहेत.

तिसरी गोष्ट वामीच्या भाऊबंदांची. खडकांच्या कपारीत राहणारी मोरे नावाची एक वामींची शाखा आहे. कपार अरुंद, तिथे तोंड मोठे करून पाण्याबरोबर भक्ष्य ओढून घेता येत नाही. म्हणून निसर्गाने तिच्या घशात दुसरा जबडा दिला आहे. पुढच्या जबड्याने पकडले की मागचा जबडा पुढे सरकतो आणि भक्ष्य आत ओढतो. अमेरिकेतल्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट ह्यांनी २००७ साली हे दाखवून दिले. दोन जबड्यांचा मासा! ह्याहून मोठा राक्षस कोणता? पण ह्याच राक्षसाची दुसरी हकीकत त्याच्या आदल्या वर्षी, २००६ साली, प्रसिद्ध झाली होती. तांबड्या समुद्रात बशारी ह्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिले की, हेकरूच्या जातीचा मोठा मासा दिवसा मोरेच्या कपारीपाशी येतो आणि तिच्यापुढे जोरजोराने डोके हलवितो. हे बोलावणे असते. मोरे बाहेर येते आणि दोघे जोडीने शिकारीला निघतात. मोरे कपारीत शिरते, त्यामुळे लहान मासळी बाहेर पळते आणि हेकरूला मिळते. हेकरू बाहेर उभा असला म्हणजे मासळी कपारीतच दडून राहते आणि मोरेला मिळते. एकट्याने जेवढे मिळाले असते त्याहून दोघांना अधिक मिळते. दोन निराळ्या कुळांचे, निराळ्या सवयींचे मासे. एक दिवसाचा, एक रात्रीचा. त्यांना एकत्र निघता येते. आमच्या संघटनेत एकाच गिरणीतल्या दोन पाळ्या एकत्र आणताना आम्हांला काय श्रम पडतात ते आमचे आम्हांला ठाऊक!

ही हकीकत आम्ही गोड करून सांगू इच्छीत नाही. मोरे आणि हेकरू लहान मासळीवर दया करीत नाहीत, आणि जो पकडतो तो गिळतो. वाटणी होत नाही. पण ‘एकमेकांना खाणे’ एवढाच माशांचा न्याय आहे हे म्हणणे खरे नाही, एवढे ह्यातून निश्चित होते.

मग हा ‘मत्स्यन्याय’ शब्द आला कुठून? आपल्या जुन्या ग्रंथांत तो आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, महाभारताच्या शांतिपर्वात आहे. पण तिथे तो कशासाठी आला आहे हे पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. कौटिल्य म्हणतो की दंड धारण करणारा कोणी नसेल तर बलवान दुर्बळाला खाऊन टाकील, आणि ह्यालाच तो मत्स्यन्याय म्हणतो. म्हणजे राज्याने जी अवस्था येऊ देऊ नये तिचे ते नाव आहे. रोगाचे नाव आहे, औषधाचे नव्हे. शांतिपर्वातली कथा तर अधिक विचार करण्यासारखी आहे. राजा नव्हता तेव्हा लोक पाण्यातल्या माशांसारखे एकमेकांना खात होते. मग त्यांनी काय केले? राजा मागायला ते नंतर गेले. त्याच्या आधी ते एकत्र जमले आणि त्यांनी आपसांत करार केला की, जो कठोर बोलेल, जो बळजोरी करील, जो दुसऱ्याचे हिरावून घेईल त्याला आपण आपल्यातून बाहेर काढू. तो करार टिकला नाही म्हणून राजाकडे जावे लागले, हे खरे. पण पहिली पायरी कोणती होती हे आम्ही आपल्या नजरेस आणून देतो. पहिली पायरी सभा ही होती. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथाने मत्स्यन्यायावर उपाय म्हणून माणसांची सभा सांगितली, आणि आज त्याच शब्दाचा उपयोग माणसांना सभेतून उठविण्यासाठी केला जातो!

आता वाम माणसाच्या हाती सापडते तेव्हा काय होते ते पाहू. ह्या कुळातली एक वाम जपानात ‘हामो’ म्हणून प्रसिद्ध आहे. क्योटो हे जपानचे जुने राजधानीचे शहर समुद्रापासून आत. बर्फाची सोय नव्हती त्या काळी ऐन उन्हाळ्यात तिथवर दुसरी मासळी नासून जाई. पण वाम चिवट, ओलसर ठेवली की पाण्याबाहेरही पुष्कळ वेळ जिवंत राहते. म्हणून ती क्योटोला पोहोचे. आजही जुलै महिन्यातल्या तिथल्या गिओन उत्सवात हामो खाण्याची चाल आहे. तिच्या मांसात बारीक काटे फार. ते काढता येत नाहीत. म्हणून तिथला आचारी जड सुरीने सुमारे तीन सेंटिमीटरच्या अंतरात चोवीस चिरा देतो, आणि तेही खालची कातडी न कापता. काटे इतके बारीक होतात की जिभेला लागत नाहीत. ही विद्या हातात यायला वर्षे लागतात. समुद्रापासून दूर असलेल्या गावाने एका चिवट माशाभोवती आपला सण आणि आपली कारागिरी उभी केली, हे सावलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आम्हांला विशेष वाटते.

आपल्याकडे वामीच्या तुकड्या होतात, ती खारवून सुकवितात, आणि तिच्या पोटातला हवेचा फुगा वेगळा काढून वाळवितात. ह्या वाळविलेल्या फुग्यांना परदेशी चांगली किंमत येते. चीनकडे त्यांचे सार करतात. पूर्वी इंग्लंडात बिअर निवळण्यासाठी असे फुगे वापरीत. कोळ्याच्या गळाला लागलेली वाम ह्या रीतीने जगाच्या बाजाराला जोडली गेली. त्यात वाईट काही नाही. गळाला मोठी वाम लागते, लहान बचावते. दोरी ओढायला माणसाचे हात लागतात आणि हात थकतात. ह्या मासेमारीला मर्यादा होती, आणि ती माणसाच्या दमाची होती.

पुढे यांत्रिक बोटी आल्या आणि तळ खरवडणारी ट्रॉल जाळी आली. हे जाळे समुद्राच्या तळावरून ओढीत नेतात. वामीचे घर तळाच्या चिखलात, म्हणजे घरासकट तिला नांगरून काढण्यासारखे हे आहे. आणि जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे डोळे, ज्यांना कोळी ‘आस’ म्हणतात, बारीक असले म्हणजे मोठ्या वामीबरोबर वीतभर लांबीची तिची पिल्लेही येतात. ज्या पिल्लाने काचेच्या पानाच्या रूपात हजार तोंडे चुकविली ते इथे सापडते. त्याला ताटात कोणी घेत नाही. त्याचा ढीग कोंबड्यांच्या खाद्याची आणि खताची भुकटी करण्यासाठी मातीमोल भावाने जातो. ह्यासाठी काही नियम आहेत. १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचा कायदा झाला. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींना बंदी असते. चौकोनी डोळ्यांची, ४० मिलिमीटर आसेची पिशवी वापरावी असे मत्स्यशास्त्रज्ञ सांगतात. २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींसाठी, ह्याहून लहान मासा धरू नये, असे किमान आकार ठरवून दिले. कायदा आहे. पाळला जाण्यासाठी पाळणाऱ्यांची संघटना लागते, हा आमचा सर्व धंद्यांतला अनुभव आहे.

आणि ते जाळे ओढतो कोण? पोट कोणाचे आणि हात कोणाचे, हा प्रश्न आम्ही विचारल्यावाचून राहणार नाही. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळपासून आलेले खलाशी आहेत. पालघर जिल्ह्यातले आदिवासी तरुण हंगामात गुजरातच्या बोटींवर जातात, आणि पाण्यावर न दिसणारी सरहद्द बोटीने ओलांडली म्हणून त्यांच्यापैकी कित्येकांनी पाकिस्तानच्या तुरुंगात दिवस काढले आहेत. आपल्या भागातली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, तशीच ही माणसे. बारीक आसेचे जाळे घ्यावे असे त्या खलाशाने ठरविलेले नसते. जाळे ओढून त्याची भूक भागते की नाही हाही प्रश्नच. मग ते जाळे कोणाच्या भुकेने चालते? ज्या भुकेला पोट नाही तिच्या. वामीचे पोट भरते आणि ती थांबते. हिशेबाच्या वहीला पोट नाही, म्हणून ती थांबत नाही. ह्याला मत्स्यन्याय म्हणणे हा माशांवर अन्याय आहे.

आता समुद्र सोडून आपल्या पाण्याकडे येऊ. आपला हा सारा मुलूख तलावांचा. असोलामेंढ्याचा तलाव आपल्या तालुक्यातच आहे, आणि गावोगावी मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत. ह्या तलावांत ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. गेल्या कित्येक वर्षांत बाहेरून आणलेले मत्स्यबीज टाकण्याचा प्रघात वाढला, आणि आपली देशी मासळी, मरळ, वाम आणि तिच्यासारख्या कित्येक, कमी होत गेली. मरळ आणि वाम ह्या शिकारी जाती, त्या बीज खातात, म्हणून त्या नकोत, असे मानणारेही आहेत. परंतु शिकारी मासा आजारी आणि दुबळी मासळी आधी उचलतो. तो आहे ह्याचा अर्थ त्याच्या खालची सारी साखळी जागेवर आहे. भंडारा आणि गोंदियाकडच्या काही तलावांत ढिवर समाजाच्या मंडळींनी, आणि विशेषतः तिथल्या स्त्रियांनी, बेशरमीची झुडपे उपटून काढली, तळात देशी पाणवनस्पती लावल्या, आणि त्यामुळे देशी मासळीला आसरा मिळाला. त्यासाठी त्यांना आधी एकत्र बसावे लागले. कोणत्या कोपऱ्यात जाळे टाकायचे नाही, कोणत्या महिन्यात टाकायचे नाही, जाळ्याची आस किती ठेवायची, हे ठरवावे लागले. शांतिपर्वातल्या त्या लोकांनी केला तसाच हा करार.

आम्हांला आपल्यापुढे मांडायचे होते ते एवढेच. वामीला माप शिकवावे लागत नाही. ते तिला पोटाबरोबर मिळालेले आहे. माणसाला ते मिळालेले नाही. त्याला ते चारचौघांत बसून ठरवावे लागते, मग ते जाळ्याच्या डोळ्याचे असो, कामाच्या तासांचे असो, की पोत्यामागच्या मजुरीचे. ते ठरविणे अवघड आहे, मोडणे सोपे आहे, आणि मोडले तर पुन्हा बसून ठरविता येते. ह्या कामात निसर्ग आपल्या विरुद्ध उभा आहे असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. निसर्गातल्या ह्या एका बदनाम प्राण्याची साक्ष आम्ही आज आपल्यापुढे ठेवली आहे.

येत्या पावसाळ्याआधी तालुक्यातल्या मच्छीमार संस्थांच्या सभा होतील. ज्यांची त्यांत सभासदी आहे त्यांनी त्या सभांना जावे आणि शेवटपर्यंत बसावे, एवढी विनंती आहे.